खाणीने हलवलेलं शहर

किरुनाचं रेल्वे स्टेशन गावात नाही. स्टॉकहोमहून निघालेली गाडी रात्रभर जंगलातून धावते, सकाळी उत्तर ध्रुववृत्त ओलांडते आणि शेवटी एका तात्पुरत्या फलाटापाशी थांबते. समोर एक साधी बैठी इमारत आणि गावात नेणारी बस, एवढंच. जुनं स्टेशन गावाला लागून होतं. २०१३ मध्ये ते सोडलं, कारण त्याच्या खालची जमीन काही वर्षांत खचणार होती. स्टेशन सोडलं त्या दिवशी जमीन जागच्या जागी होती. रूळ आधीच उचलून लांब टाकले होते. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण किरुनात पुढे जे जे पाहिलं, ते बहुतेक याच रीतीने झालेलं होतं.

स्वीडनच्या अगदी उत्तरेला, ध्रुववृत्ताच्याही वर दीडशेक किलोमीटरवर हे गाव आहे. वस्ती अठरा हजारांच्या आसपास. मी गेलो तेव्हा सप्टेंबर होता. भूर्जाची झाडं पिवळी झाली होती आणि वाऱ्याला चांगलीच धार आली होती. बसच्या खिडकीतून तळ्यापलीकडे कीरुनावारा दिसतो. डोंगराचा माथा कापून काढलेला, उतारावर टाकाऊ दगडाच्या पायऱ्या आणि पायथ्याशी कारखान्याच्या धुराड्यांतून चढणारी पांढरी वाफ. युरोपीय संघात जेवढं लोहखनिज निघतं, त्यातलं सुमारे ८० टक्के एलकेएबी या एकाच कंपनीचं असतं आणि तिची सर्वांत मोठी खाण हीच. कंपनी १८९० ची. १९५७ मध्ये ती जवळजवळ पूर्णपणे सरकारच्या मालकीची झाली आणि आज संपूर्ण सरकारी आहे. गाव मात्र १९०० मधलं. खाण होती म्हणून गाव वसलं आणि आता त्याच खाणीमुळे ते हलतं आहे.

खाणीत जायला बस मिळते. डोंगराच्या पोटातल्या डांबरी रस्त्याने ती वळणं घेत खाली उतरते आणि ५४० मीटरच्या पातळीवर कंपनीने पाहुण्यांसाठी केलेल्या दालनात सोडते. तिथे छोटं सभागृह आहे, जुनी यंत्रं आहेत, खाण कशी चालते ते दाखवणारे नकाशे आहेत. प्रत्यक्ष काम याच्या कितीतरी खाली चालतं. खनिज वाहून नेणारा सध्याचा मुख्य मजला १,३६५ मीटरवर आहे आणि तिथल्या आगगाड्या चालकाविना धावतात.

गाव का हलवावं लागलं, हे त्या नकाशांपुढे उभं राहिल्यावर नीट कळलं. इथलं मॅग्नेटाइट हे लोहखनिज म्हणजे जवळपास चार किलोमीटर लांब, सरासरी ऐंशी-शंभर मीटर जाड असा एकच पट्टा. तो जमिनीत उभा नाही. भिंतीला तिरकी टेकवलेली फळी असावी तसा तो साठ अंशांत कलला आहे, आणि जसजसा खोल जातो तसतसा गावाच्या बाजूला सरकतो. साठच्या दशकात उघड्यावरचं खणणं थांबलं आणि सगळं काम जमिनीखाली गेलं. पद्धत अशी की पट्ट्याच्या आत आडवे बोगदे काढायचे, छतात वरच्या दिशेने भोकं पाडून सुरुंग लावायचे आणि कोसळलेलं खनिज खालून उपसायचं. उपसल्यावर जी पोकळी राहते, तीत वरचा खडक आपोआप ढासळून भरतो. म्हणजे खडक ढासळणं हा इथे अपघात नाही, ती कामाचीच रीत आहे. एक मजला संपवून खाण खाली उतरली की पृष्ठभागावरच्या भेगा आणखी थोड्या गावाकडे येतात.

आमच्या चंद्रपूरकडे भूमिगत खाणीतून कोळसा काढल्यावर पोकळीत वाळूचा भराव करण्याची पद्धत आहे, त्यामुळे साहजिकच विचारलं, इथे भराव का नाही? कंपनीचं उत्तर सरळ आहे. भराव करत खणलं तर खर्च परवडत नाही आणि खाण बंद करावी लागेल. खाण बंद झाली तर गावाला राहण्याचं कारणच उरत नाही. मला हे उत्तर पटलं असं नाही, पण त्यात लपवाछपवी नव्हती. एका पारड्यात खाण होती, दुसऱ्यात निम्मं गाव. हिशोब झाला आणि गाव हलवायचं ठरलं.

ठरलं ते असं. २००४ मध्ये कंपनीने नगरपालिकेला कळवलं की पुढचे मजले खणायचे असतील, तर भेगा गावाच्या मध्यभागापर्यंत येतील. त्या वेळी नगरपालिकेच्या इमारतीच्या भिंतीला तडाही गेला नव्हता. त्यानंतरची वीस वर्षं मोजमापातच गेली. गावभर ठरावीक बिंदूंवर उपग्रहाच्या मदतीने जमिनीची हालचाल मोजली जाते, कुठली गल्ली कुठल्या वर्षी रिकामी व्हायला हवी याचे नकाशे निघतात आणि ते लोकांना बघायला मिळतात. खाण आणि वस्ती यांच्या मधला पट्टा आधी बगीचा करतात. घरं पाडून तिथे गवत, झाडं, बाकं येतात, माणसं काही वर्षं तिथे फिरतात, आणि भेगा जवळ आल्या की त्या पट्ट्याला कुंपण पडतं. मग बगीचा आणखी गावाकडे सरकतो. मी त्या कुंपणाच्या कडेकडेने बराच चाललो. आत पायवाटा अजून दिसत होत्या, दिव्याचे खांब काढून नेलेले होते.

तिथे चालताना घुग्घुसची आठवण टाळता आली नाही. २०२२ च्या ऑगस्टमध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये आमराई वॉर्डातलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी, बंद पडलेली भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली आणि मग आजूबाजूच्या कुटुंबांना घाईघाईने हलवावं लागलं. जमिनीखाली घडलं ते दोन्हीकडे सारखंच. पोकळीवरचा थर खाली गेला. पण एका ठिकाणी माणसाला वीस वर्षं आधी कळलं होतं आणि दुसऱ्या ठिकाणी पायाखालची फरशी हलल्यावर कळलं. खाण कंपनीच्या सामाजिक जबाबदारीबद्दल अहवाल पुष्कळ छापले जातात. शाळेला दिलेल्या सायकली, आरोग्य शिबिरं, लावलेली रोपं यांचे फोटो त्यांत असतात. माझ्या मते त्या सगळ्याच्या आधी एक गोष्ट येते. आपल्या कामाने कुणाच्या घराखाली काय होणार आहे, ते मोजायचं आणि त्याला वेळेत सांगायचं. किरुनात मला ती दिसली.

अर्थात हे कंपनीच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही. स्वीडनच्या खनिज कायद्याप्रमाणे खाणीमुळे झालेलं नुकसान खाण चालवणाऱ्यानेच भरून द्यायचं असतं. घर घ्यायचं झालं तर बाजारभाव आणि वर २५ टक्के असा दर २०१० च्या कायदादुरुस्तीने ठरला. किरुनात घरमालकांपुढे दोन पर्याय ठेवले गेले. हे पैसे घ्या, नाहीतर नव्या गावात तोडीस तोड घर घ्या. नव्या वस्तीत भेटलेल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी घर घेतलं होतं. त्या म्हणाल्या, "घराबद्दल तक्रार नाही. स्वयंपाकघर तर जुन्याहून चांगलं आहे. पण खिडकीतून डोंगर दिसत नाही. नवरा खाणीत होता, तेव्हा पाळी सुटली की मला खिडकीतूनच कळायचं." मी विचारलं, याची भरपाई मागितली का? त्यांनी मान हलवली. कुठल्या रकान्यात लिहायचं, असं त्यांचं म्हणणं.

भाडेकरूंची गोष्ट वेगळी. जुन्या इमारतींतलं भाडं कमी होतं आणि नव्या घरांचं अर्थातच जास्त. वाढ एकदम अंगावर येऊ नये म्हणून ती काही वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू केली गेली. टप्पे संपले तरी वाढलेलं भाडं राहतंच. छोट्या दुकानदारांनाही हाच प्रश्न पडला.

नवं केंद्र जुन्याच्या पूर्वेला तीनेक किलोमीटरवर आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये ते रीतसर सुरू झालं. मध्यभागी नगरपालिकेची वर्तुळाकार इमारत, नाव क्रिस्तालेन. तिच्या शेजारी जुन्या नगरपालिकेचा घड्याळमनोरा आणून उभा केला आहे. ती जुनी इमारत वास्तुकलेचा पुरस्कार मिळालेली होती, तरी पाडावी लागली. मनोरा तेवढा वाचला. नवे रस्ते रुंद आणि सरळ आहेत, पण वारा त्यांतून विनाअडथळा येतो. यालमार लुंडबोम हा भूगर्भशास्त्रज्ञ कंपनीचा इथला पहिला प्रमुख. त्याने गाव वसवताना नगररचनाकार पेर ओलोफ हॉलमन याच्याकडून आराखडा करून घेतला होता. टेकडीच्या दक्षिण उतारावर, चढउतारांच्या कलाने वळणारे रस्ते, म्हणजे ऊन मिळेल आणि वारा अडेल. नवी जागा सखल आहे, थंड हवा तिथे साचून राहते. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या माणसाला जे कळलं होतं, ते नव्या आराखड्यात थोडं मागे पडलं, असं तिथे गारठून उभं राहिल्यावर वाटलं.

लुंडबोमबद्दल गावात अजून आदराने बोलतात. कामगारांसाठी नीट घरं, शाळा, दवाखाना हे सगळं त्याच्या काळातलं. सामी या इथल्या आदिवासी समाजातल्या योहान तुरी या लेखकाचं १९१० चं पुस्तक छापून यायला त्याने मदत केली. सामी भाषेत सामी माणसाने लिहिलेलं ते पहिलं धर्मेतर पुस्तक. आणि कंपनीने गावाला चर्चही दिलं, तेच चर्च मी गेलो त्याच्या थोडं आधी, ऑगस्ट २०२५ मध्ये, चाकांवर बसून नव्या गावात आलं.

ते पाहिल्याशिवाय किरुनाहून परतणं शक्य नव्हतं. वास्तुकार गुस्ताव विकमन, बांधकाम १९०९ ते १९१२. सगळं लाकडाचं, बाहेरून गडद तांबडं, आणि उतरतं छप्पर जमिनीजवळ येणारं, सामी लोकांच्या पारंपरिक झोपडीसारख्या घडणीचं. आत वेदीवरचं चित्र राजपुत्र युजेन याने काढलेलं. त्यात ना क्रूस, ना येशू, उन्हातली झाडं तेवढी आहेत. ध्रुवरात्रीत आठवडे न् आठवडे सूर्य न बघणाऱ्या माणसांसमोर ते चित्र लावायचं कुणाला सुचलं असेल, त्याला माणसं कळत होती.

सुमारे ६७२ टनांची ही इमारत सुटी न करता अख्खी उचलली. खालून पोलादी तुळया घातल्या, त्यांखाली स्वयंचलित बहुचाकी गाड्यांच्या दोन रांगा आणल्या. चर्च चाळीस मीटर रुंद आहे, तेव्हा रस्ता काही ठिकाणी नऊ मीटरांवरून चोवीस मीटरांपर्यंत रुंद करावा लागला, वाटेतला एक पूल काढावा लागला. १९ आणि २० ऑगस्ट असे दोन दिवस ते पाच किलोमीटर चाललं. ताशी अर्धा किलोमीटर हा वेग. स्वीडिश दूरचित्रवाणीने सगळा प्रवास थेट दाखवला, राजेही आले होते. खर्च सुमारे ५० कोटी क्रोना, तो कंपनीचा. त्याआधी लुंडबोमचं राहतं घर आणि कामगारांची जुनी लाकडी घरंही अशीच हलवली गेली होती. दौतीसारखा आकार म्हणून गावात त्या घरांना 'दौती' म्हणतात. जतन करायच्या अशा इमारतींची संख्या वीसहून अधिक आहे.

चर्चच्या नव्या जागेभोवती अजून माती उकरलेली होती. दारं बंद होती, मी बाहेरूनच दोन फेऱ्या मारल्या. छपरावरचे सोनेरी पुतळे उन्हात चमकत होते. जवळ उभ्या असलेल्या एका तरुणाने, तो खाणीत यंत्र दुरुस्तीचं काम करतो म्हणाला, मला सांगितलं की त्याचं लग्न जुन्या जागी झालं आणि मुलीचं नामकरण नव्या जागी होईल. त्याला त्याचा अभिमान वाटत होता, आणि तो खरा होता.

गावातली माणसं कंपनीवर चिडतही आली आहेत, आणि तो इतिहासही जुना आहे. १९६९ च्या डिसेंबरमध्ये जवळजवळ पाच हजार खाणकामगार संघटनेची परवानगी न घेता संपावर गेले आणि पुढच्या वर्षीपर्यंत जवळपास दोन महिने बाहेर राहिले. मालक होतं सरकार, तेही कामगारांचं म्हणवणारं. आज चिडीचं कारण वेगळं आहे. रोज रात्री दीडच्या सुमारास खाणीत सुरुंग उडतात. मी हॉटेलात जागा राहिलो. पलंगाला हलकी थरथर आली, कपाटाचं दार किंचित वाजलं, संपलं. इथल्यांना जाग येत नाही म्हणे. पण १८ मे २०२० च्या पहाटे ४.९ तीव्रतेचा हादरा बसला, तोही खाणीमुळेच. सुदैवाने कुणालाही इजा झाली नाही. खाणीचा काही भाग मात्र बराच काळ नीट चालू होऊ शकला नाही, आणि मोजमापाच्या नकाशांवरचा लोकांचा विश्वास थोडा हलला.

मग चर्च हलवलं त्याच महिन्यात, त्या सोहळ्याला दहा दिवस होण्याआधीच, कंपनीने नवा अंदाज जाहीर केला. आणखी सुमारे ६,००० माणसांना आणि २,७०० घरांना पुढच्या दहा वर्षांत जागा सोडावी लागेल. आधीच्या योजनेत जेवढी माणसं होती, जवळजवळ तेवढीच पुन्हा. आधीची आखणी करताना 'यापलीकडे तुम्ही सुरक्षित' असं समजून ज्यांनी घराला नवा रंग दिला असेल, त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनातून जात नव्हता. नगरपालिकेची अडचण आणखी वेगळी. गावाच्या आसपासची बहुतेक जमीन सरकारची आहे आणि तिच्यावर सैन्यापासून रेनडियर पाळणाऱ्यांपर्यंत अनेकांचे हक्क आहेत. पैसे कंपनी देईल, पण घरं बांधायची कुठे?

या खनिजापासून होणाऱ्या पोलादाच्या धुराचीही एक बाजू आहे. कोळशाऐवजी हायड्रोजन वापरून लोखंड करण्याचा प्रयोग एलकेएबी, पोलाद कंपनी एसएसएबी आणि वीज कंपनी वाटेनफाल यांनी २०१६ पासून मिळून चालवला. लूलिओच्या प्रायोगिक कारखान्यात २०२१ मध्ये असं पहिलं लोखंड निघालंही. पण मोठ्या प्रमाणावर ते करायला लागणारी वीज अफाट आहे, आणि काम ठरल्या वेगाने पुढे गेलेलं नाही. किरुनात त्याविषयी फारसं कुणी बोलत नव्हतं.

बोलत होते ते रेनडियरबद्दल. गावाच्या दोन्ही अंगांना सामी पशुपालकांच्या दोन समुदायांचे, गाबना आणि लाएवास यांचे मुलूख आहेत. हिवाळ्यात कळप पूर्वेकडच्या जंगलात असतात, उन्हाळ्यात पश्चिमेच्या डोंगरात. मधली वाट किरुनाजवळून जाते. खाण आली, लोहमार्ग आला, महामार्ग आला, गाव वाढलं, आणि आता तेच गाव पूर्वेला सरकलं. प्रत्येक वेळी वाट थोडी चेपली. घराला बाजारभाव असतो, त्यावर २५ टक्के लावता येतात. चर्चला वजन असतं. पण कळप ज्या वाटेने पिढ्यान्‌पिढ्या गेला ती तुटली, तर बदल्यात दुसरी तशी वाट कुठून आणणार? कळपाला ट्रकमध्ये भरून नेता येतं, नेतातही. मात्र ज्याने रेनडियर पाळले आहेत तो सांगेल की चरत चरत जाणं आणि भरून नेणं यांत कळपाचं आणि माणसाचं दोघांचंही बरंच काही हरवतं.

गाबनाची खरी काळजी गावाच्या उत्तरेला आहे. जानेवारी २०२३ मध्ये युरोपीय आयोगाचे पाहुणे किरुनात असताना कंपनीने जाहीर केलं की पेर येयर नावाच्या साठ्यात दहा लाख टनांहून अधिक दुर्मिळ मृदा ऑक्साइड आहेत. विजेवर चालणाऱ्या गाड्या आणि पवनचक्क्या यांच्या चुंबकांसाठी हीच द्रव्यं लागतात आणि सध्या युरोप त्यासाठी चीनवर अवलंबून आहे. मार्च २०२५ मध्ये युरोपीय संघाने हा प्रकल्प आपल्या मोक्याच्या प्रकल्पांच्या यादीत घातला. गाबनाच्या म्हणण्याप्रमाणे उरलेली अरुंद वाट नेमकी तिथूनच जाते, आणि खाण झाली तर त्यांचा मुलूख मधोमध तुटेल. त्यांचा या खाणीला विरोध आहे. स्वीडनने आदिवासींच्या हक्कांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १६९ क्रमांकाचा करार मान्य केलेला नाही. मात्र जानेवारी २०२० मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने गिर्यास या दुसऱ्या सामी समुदायाला त्यांच्या मुलुखातल्या शिकार-मासेमारीचे परवाने देण्याचा हक्क बहाल केला, तेव्हापासून न्यायालयाकडे बघण्याची त्यांची नजर बदलली आहे.

या कंपनीचं सगळं काम तपासताना मला वाटलं ते इतकंच, की ज्याचा दर कायद्याने लिहून ठेवला होता, ते तिने बहुतेक वेळेवर आणि नीट दिलं. ज्याचा दर लिहिलेला नाही, त्यापाशी येऊन तिची मोजपट्टी थांबते, आणि तिथे तिने स्वतःहून थांबावं अशी अपेक्षा ठेवणं भाबडेपणाचं ठरेल. ते काम कायद्याने करायचं आहे. घरांच्या बाबतीत स्वीडनने ते केलं. वाटांच्या बाबतीत अजून बाकी आहे, आणि उशीर होत चालला आहे. पेर येयरच्या खनिजाचा अंदाज घेण्यासाठी जुन्या खाणीतून, सातशे मीटर खोलीवरून, उत्तरेकडे एक शोधबोगदा कंपनीने खणायला घेतला आहे. परवानग्या मिळून प्रत्यक्ष खणायला सुरुवात होईपर्यंत किमान दहा-पंधरा वर्षं लागतील, असं तिनेच २०२३ मध्ये सांगितलं होतं. गाबनाचे कळप या हिवाळ्यातही त्या वाटेने पूर्वेला उतरतील.